८.८.८.८ चा अंगारा

आमच्या लहानपणी गावात सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय असायचा. ताप आला, अंगारा लावा. गाय दूध देईना, अंगारा लावा. पोरगं नापास झालं, अंगारा लावा आणि पुन्हा बसवा. गुण आला तर अंगाऱ्याचा, नाही आला तर तुमची श्रद्धा कमी पडली!

हल्ली कॉम्प्युटरवाल्यांनाही असाच एक अंगारा सापडला आहे. त्याचं नाव ८.८.८.८. लिनक्सवर व्हीपीएन जोडलं आणि हवं ते पान उघडेना, अशी तक्रार कुठेही करून बघा. पाच मिनिटांत कुणीतरी सांगतंच, "रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ फाइलमध्ये ८.८.८.८ टाका आणि फाइलला कुलूप लावा, म्हणजे ती पुन्हा बदलणार नाही." सांगणारा काय झालं आहे हे विचारत नाही. नाडी बघायची नाही, जीभ बघायची नाही, थेट कपाळाला बोट!

माझं म्हणणं असं की व्हीपीएनच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि चुकीचा नसला तरी आळशी असतो. आज जरा रागानेच लिहिते आहे, तर मंडळी, सांभाळून घ्या. (घरच्यांनी "हे आम्हाला कळणार नाही" म्हणून पान मिटू नये. कळेल असंच लिहिणार आहे. कमांडची नावं मी देवनागरीत देते, मशीनवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

राग का, ते आधी सांगते. आमच्या गावातले आम्ही सात निवृत्त मास्तर आणि बाया मिळून एका संस्थेसाठी जुन्या मासिकांची मुद्रितं तपासतो. संस्था दुसऱ्या शहरात आहे. मासिकांची पानं तिथल्या सर्व्हरवर आहेत आणि तिथं जायला व्हीपीएन लागतं. व्हीपीएन म्हणजे आपल्या मशीनपासून संस्थेच्या आतल्या जाळ्यापर्यंत टाकलेली बंदिस्त नळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. आमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी लिनक्स मिंट घेतलं. मशीनं चांगली पळायला लागली, पण व्हीपीएन जोडलं गेल्याची खूण दिसायची आणि मासिकाचं पान मात्र उघडायचं नाही. संस्थेच्या मदतनीसाने व्हॉट्सअॅपवर तोच अंगारा पाठवला. चार जणांनी लावला. पान उघडलं नाही ते नाहीच. त्यावर मदतनीस म्हणाला, "तुम्ही नीट टाकलं नसेल."

श्रद्धा कमी पडली, दुसरं काय!

आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ सर एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. जुन्या शुद्धलेखनातला एक अनुस्वार त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांनी तीन दिवस ती फाइल पुन्हा पुन्हा लिहिली आणि चौथ्या दिवशी कळवलं, "हे आता माझ्याच्यानं होणार नाही, वय झालं." वय झालेलं नव्हतं हो! त्यांनी टाकलेला प्रत्येक आकडा बरोबर होता. चूक सल्ल्यात होती.

आता सल्ला चूक कसा, ते बघू.

इंटरनेटवर प्रत्येक मशीनला नंबर असतो. माणसांना नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं. सुरुवातीला सगळ्या मशीनांच्या नावांची एकच यादी अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि सगळे तिथून तिची नक्कल आणत. मशीनं वाढली तशी ती यादी आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एक मोठी वही ठेवण्यापेक्षा ज्याची नावं त्यानेच सांभाळायची, आणि विचारणाऱ्याने योग्य जागी जाऊन विचारायचं. "योग्य जागी" हे शब्द लक्षात ठेवा, सगळं तिथेच आहे.

८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस सर्व्हर. डिसेंबर २००९ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. माझं त्याच्याशी वैर नाही. जगातली जाहीर नावं तो चटकन सांगतो. घरच्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस झोपला असेल तर तात्पुरता तो लावणं अगदी रास्त आहे. पण संस्थेच्या आतल्या सर्व्हरचं नाव जाहीर नसतं. ते संस्थेच्या आतल्या डीएनएस सर्व्हरलाच ठाऊक. आमच्या आळीत "अण्णांचं घर कुठलं?" विचारलं तर पोस्टमन दारापर्यंत आणून सोडेल. हाच प्रश्न मुंबईच्या जीपीओत जाऊन विचारा! तिथली माणसं हुशार आहेत, पण त्यांना आमचे अण्णा कसे माहीत असणार?

यावर काही चतुर लोक म्हणतात, "मग दोन्ही लिहा. पहिला ८.८.८.८, दुसरा संस्थेचा. एकाला नाही आलं तर दुसरा सांगेल." हा गैरसमज मी इतक्या जाणत्या लोकांकडून ऐकला आहे की त्याच्यासाठी फळ्यापाशीच उभं राहावं लागेल.

वर्गात बाई प्रश्न विचारतात. पहिला मुलगा गप्प उभा राहिला किंवा "आत्ता आठवत नाही" म्हणाला, तर बाई दुसऱ्याकडे वळतात. पण पहिल्याने छातीठोकपणे "असं काही नाहीच" असं सांगितलं आणि बाईंनी तेच उत्तर म्हणून वहीत लिहून घेतलं, तर दुसऱ्याला कुणी विचारणारच नाही. रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फचं काम याच पद्धतीने चालतं. त्यात जास्तीत जास्त तीन सर्व्हर धरले जातात. नेहमीच्या मांडणीत त्यांना क्रमाने विचारलं जातं, आणि पहिल्याने उत्तर दिलं नाही (मुदत सहसा पाच सेकंदांची) किंवा आपली अडचण सांगितली तरच दुसऱ्याची पाळी येते. "हे नाव अस्तित्वात नाही" हे पूर्ण उत्तर मानलं जातं. गूगलचा सर्व्हर आतल्या नावाला नेमकं हेच उत्तर देतो, तेही क्षणात आणि ठामपणे. दुसऱ्या ओळीत लिहिलेला संस्थेचा सर्व्हर बिचारा हात वर करून बसून राहतो. यातलं बरंचसं त्या फाइलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. मी मराठी माध्यमात बी.ए. झालेली बाई. शब्दकोश शेजारी घेऊन वाचलं तर मला कळलं. मग सल्ला देणाऱ्यांना वाचायला काय होतं?

आता ते कुलूप. आजच्या मिंट किंवा उबुंटूत रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ ही खरी फाइलच नसते. सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड नावाचा एक कारकून नेमलेला असतो आणि ही फाइल म्हणजे त्याच्या टेबलाकडे बोट दाखवणारी पाटी. म्हणून तिच्यात १२७.०.०.५३ असा आपल्याच मशीनचा पत्ता दिसतो. "हे काय भलतंच" म्हणून लोक तो खोडायला जातात. पण तो भलता नाही. कोणतं नाव कुणाला विचारायचं हे त्या कारकुनाला कळतं. बाहेरची नावं वायफायच्या सर्व्हरला, संस्थेची नावं नळीतून संस्थेच्या सर्व्हरला. साध्या फाइलला ही निवड करता येत नाही. फाइलच्या वरच लिहिलेलं असतं की हिची व्यवस्था दुसरीकडे आहे, हिच्यात बदल करू नका. त्या सूचनेवर टिच्ची मारून पाटी उखडायची, तिथे साधी फाइल ठेवायची आणि चॅटर कमांडने तिला कुलूप घालायचं, हा झाला अंगाऱ्याचा संपूर्ण विधी.

परिणाम काय? कारकून खुर्चीवर आहे, पण त्याच्याकडे कुणी जातच नाही. उद्या संस्थेने व्हीपीएनची मांडणी दुरुस्त केली तरी ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. आमच्याकडे नेमकं हेच झालं. खरा दोष सापडून दुरुस्त झाल्यावर अंगारा न लावलेल्या तिघांची मशीनं लगेच चालू झाली आणि लावलेल्या चौघांची तशीच अडून राहिली. शिवाय तुम्ही आतलं नाव बाहेर जाऊन विचारता, म्हणजे संस्थेत अमुक नावाचं मशीन आहे हे बाहेर सांगता. जी गोष्ट झाकायला नळी टाकली, तिचीच दवंडी पिटायची!

आमचा खरा दोष काय होता? दोन ओळींचा. रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस ही कमांड दिली की प्रत्येक जोडणीखाली तिचा डीएनएस सर्व्हर दिसतो. व्हीपीएनच्या जोडणीखाली संस्थेचा सर्व्हर व्यवस्थित लिहिलेला होता. पण "डीएनएस डोमेन" ही ओळच नव्हती. कोणत्या आडनावाची नावं या सर्व्हरला विचारायची, हे कारकुनाला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ही जोडणी फक्त संस्थेच्या कामापुरती वापरायची अशी खूण केलेली होती (ती योग्यच होती, आमचं सगळं घरचं इंटरनेट संस्थेतून कशाला जायला हवं?). त्यामुळे कारकून सगळे प्रश्न वायफायकडेच पाठवत होता. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये "सर्च डोमेन" म्हणून एक रकाना असतो. त्यात संस्थेच्या नावांचं आडनाव, अलीकडे टिल्ड चिन्ह (~) देऊन, लिहिलं आणि जोडणी बंद करून पुन्हा सुरू केली. पान उघडलं.

पण म्हणून आता "सर्च डोमेन टाका" हा नवा अंगारा करू नका! तक्रार एकच दिसली तरी रोग वेगवेगळे असतात. ओपनव्हीपीएन थेट टर्मिनलवरून चालवलं, तर सर्व्हरने पाठवलेला डीएनएसचा पत्ता लिनक्सवर वर्षानुवर्षं आपोआप लागत नसे, त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट जोडावी लागे. विंडोजवर तो आपसूक लागायचा, म्हणून "विंडोजवर चालतं, लिनक्सवर नाही" ही ओरड. वायरगार्डमध्ये डीएनएसची ओळ लिहिली आणि रिझॉल्व्हकॉन्फ नावाची कमांड मशीनवर नसली, तर जोडणीच अर्ध्यावर मोडते. काही ऑफिसांनी आतल्या नावांना "डॉट लोकल" अशी शेपटी लावून ठेवली आहे. ती शेपटी २०१३ च्या मानकाने घरातल्या प्रिंटरसारख्या यंत्रांनी एकमेकांना हाक मारण्यासाठी राखून ठेवली आहे, त्यामुळे लिनक्स ते नाव डीएनएसला न विचारता घरातच हाका मारत बसतं. (आतल्या नावांसाठी "डॉट इंटर्नल" ही शेपटी आयकॅनने जुलै २०२४ मध्ये राखून ठेवली. नवीन मांडणी करणाऱ्यांनी ती घ्यावी.) काही वेळा ब्राउझरमध्येच नावं विचारण्याची वेगळी सोय कडक करून ठेवलेली असते आणि तो सिस्टिमला विचारतच नाही. आणि कधी कधी डीएनएसचा काही संबंधच नसतो. घरच्या राउटरचे नंबर १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि ऑफिसचेही तसेच असतात, मग मशीनला कळत नाही की हा नंबर घरातला की नळीपलीकडचा.

पाच रोग आणि अंगारा एक. यातल्या एकावरही ८.८.८.८ लागू पडत नाही. नुसतं बाहेरचं इंटरनेट चालू दिसतं आणि "झालं, चालतंय" म्हणून सल्ला देणारा निघून जातो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याशी यावरून वाद झाला. तो म्हणाला, "बाई, लोकांना वेळ नसतो. त्यांना उत्तर हवं असतं, धडा नको." मी छत्तीस वर्षं शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं गाइडांशी भांडण्यात गेली, तेव्हा हा युक्तिवाद मला नवा नाही. गाइडमधलं उत्तर पाठ करणारा मुलगा प्रश्नाचा एक शब्द बदलला की आडवा होतो. आणि वेळेचंच म्हणाल तर आमच्या चार जणांचे मिळून किती दिवस गेले? नीट तपासायला अर्धा तास लागला असता.

दुसरा युक्तिवाद मला जास्त झोंबतो: "म्हाताऱ्या माणसांना एवढं खोलात कुठं कळणार?" अहो, ज्या माणसाने तलाठ्याकडून सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करून घेतली आहे, जो दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला स्वतः मोबाइलवर काढतो, त्याला चार प्रश्न कळणार नाहीत? कळत नाही ते सांगणाऱ्याने धड सांगितलं नाही म्हणून.

तिसरा युक्तिवाद: "लिनक्सच वाईट." यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. एका फाइलवर नेटवर्कमॅनेजर, रिझॉल्व्हकॉन्फ, रिझॉल्व्ह्ड आणि व्हीपीएनच्या स्क्रिप्टा असे चार भाऊबंद हक्क सांगतात, आणि प्रत्येक वितरणात वाटणी वेगळी. उबुंटूत रिझॉल्व्ह्ड २०१८ च्या १८.०४ मध्ये होताच, फेडोराने तो २०२० च्या ३३ व्या आवृत्तीत नेहमीचा केला. त्यामुळे जुने सल्ले नव्या मशीनला लागत नाहीत आणि सल्ल्यावर तारीख कुणी बघत नाही. पण याचा अर्थ आधी घर कुणाच्या नावावर आहे ते बघावं असा होतो, दार फोडून स्वतःचं कुलूप लावावं असा नाही.

तर चार प्रश्न. कुणी मदत मागितली तर आधी हे विचारा.

पहिला: आतल्या मशीनला नावाने नाही, नंबराने गाठता येतं का? (पिंग करून बघा. काही ठिकाणी पिंगला उत्तर देणं बंद ठेवतात, तेवढं आधी विचारून घ्या.) नंबरानेही पोचत नसेल तर डीएनएसला हात लावू नका, रस्ताच बंद आहे.

दुसरा: संस्थेच्या डीएनएस सर्व्हरला थेट विचारलं तर तो नाव सांगतो का? डिग कमांडला अॅट चिन्ह आणि त्या सर्व्हरचा नंबर देऊन हे विचारता येतं. तो सांगत असेल तर दोष आपल्या बाजूला आहे. सांगत नसेल तर संस्थेला फोन करा.

तिसरा: आपलं मशीन कुणाला विचारतं आहे? रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस बघा, आणि रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ ही पाटी आहे की साधी फाइल, तेही बघा.

चौथा: गेटएंट होस्ट्स आणि डिग या दोन्हींचं उत्तर एकच येतं का? गेटएंट बाकीच्या प्रोग्रॅमांच्या वाटेने जातं, डिग सरळ डीएनएसला विचारतं. डिगला उत्तर आलं आणि गेटएंटला नाही, तर गडबड वाटेत आहे, म्हणजे एनएसस्विच फाइलमध्ये किंवा त्या "डॉट लोकल" प्रकारात.

ज्यांनी आधीच अंगारा लावला आहे त्यांच्यासाठी उतारा: चॅटरला "वजा आय" देऊन कुलूप काढा, ती साधी फाइल बाजूला करा, आणि रिझॉल्व्ह्डच्या स्टब-रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फकडे बोट दाखवणारी पाटी पुन्हा लावा (ती स्टब फाइल रन फोल्डरात, सिस्टिमडीच्या आतल्या रिझॉल्व्ह फोल्डरात असते). हा उतारा अंगारा देणाऱ्यानेच सांगायला हवा होता. कुठलाही उपाय सांगताना तो परत कसा काढायचा हे सांगता येत नसेल, तर तो सांगू नये.

आणि संस्थांना, ऑफिसांना एक विनंती. व्हीपीएनची फाइल वाटताना तीन गोष्टी कागदावर द्या: आतल्या डीएनएस सर्व्हरचा नंबर, आतल्या नावांचं आडनाव, आणि तपासणीसाठी आतल्या एका मशीनचं नाव आणि नंबर. "लिनक्सला आम्ही मदत करत नाही" असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग ८.८.८.८ देखील पाठवू नका.

ज्येष्ठ सरांच्या लॅपटॉपवरचं कुलूप मी गेल्या आठवड्यात जाऊन काढलं. पान उघडतं आहे. त्यांनी बघितलं, "छान" म्हणाले आणि चहा मागवला. कामाला मात्र अजून बसलेले नाहीत. त्यांच्या वाट्याचा १९२८ सालचा अंक तसाच पडून आहे, आणि आमच्यापैकी दुसऱ्या कुणाला तो तितक्या निगुतीने तपासता येणार नाही.

असो. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी जरूर भांडावं, पण येताना मशीनवरचं रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसचं उत्तर घेऊन यावं. आणि पुण्याच्या भाच्याने मला परवा पुन्हा तोच अंगारा पाठवला आहे, त्याने हा लेख दोनदा वाचावा. :-)